विटकरी रंग

"मूलबाळ?" मी विचारलं.

"न्हाय," सासूनं सांगितलं.

मी फॉर्मवरच्या त्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. प्रश्न खरं तर सुनेला होते, पण नावापासून सगळी उत्तरं सासूच देत होती. त्यात नवल काही नव्हतं. आमच्या खिडकीपाशी बोलणारं माणूस एक असायचं आणि बाटली दुसऱ्याच्याच हातात असायची.

बाटली शालनच्या हातात होती. शालन विलास मुळीक, वय वीस, मुक्काम नागझरी. पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढून घेतलेला, केस चापून बांधलेले, केसांत फूल म्हणून नाही. आणि तरी तिला मोगऱ्याचा वास येत होता. बाटली घ्यायला मी खिडकीतून पुढे झुकले तेव्हा तो एकदम नाकात शिरला. दमट, थोडा कोमेजलेला. मनात म्हटलं, हौस तरी किती, लघवी तपासायला येतानाही अत्तर लावून येतात. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माणसांतलं आपल्याला पुष्कळ कळतं अशी माझी खात्री होती.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. विट्याला डॉक्टर चौगुल्यांच्या दवाखान्यामागे एक खोली होती, तिला आम्ही लॅब म्हणायचो. एक मायक्रोस्कोप, एक स्पिरिटचा दिवा, खडखडणारा जुना फ्रिज आणि मी. मिरजेला राहून तपासणीचा कोर्स करून आले होते, त्यामुळे नाक जरा वरच असायचं. डॉक्टरांची एकच सक्त ताकीद होती. तपासणीचा निकाल कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायचा, पेशंटला तोंडानं काही सांगायचं नाही. मंगळवारी ते सांगलीला जायचे, म्हणून मंगळवारचे निकाल बुधवारी मिळायचे. आणि हा मंगळवार होता.

"काय त्रास होतो हिला?" मी विचारलं.

"तांब्यावर तांब्या पानी पिती," हौसाबाई म्हणाल्या. हे सासूचं नाव. "चक्कर येती म्हनती. आनि आता चार दिवस झालं, मोरीत मुंग्या लागल्याती. ही आंगुळ करून आली की मागनं मुंग्यांची रांग. माज्या थोरल्या जावंचं आसंच झाल्तं बगा. साखर निगाली. पाय कापला, तरीबी गेली."

"बघू. उद्या कळेल."

"उद्या न्हाय, बाई. तुमीच सांगा की. एवढं शिकल्याय." मग त्या खिडकीच्या गजाला धरून हळू आवाजात बोलू लागल्या. "आमचं मालक म्होरल्या न्हाई, त्याच्या म्होरल्या मंगळवारी सेलमला जात्याती. थितं आमचं सोनं गाळायचं, गलाईचं दुकान हाय. विलास थितंच आसतो. हिला औंदा संगं न्यायचं ठरलंय. पर साखर आसंल तर परमुलखात रोगी बाई कोन सांबाळंल? मग म्हायेरी ठिवायची, दुसरं काय."

"कायमची?"

"आमचा येकच ल्योक हाय, बाई," हौसाबाई म्हणाल्या. "त्याचं बगाय लागंलच की."

हे सगळं शालनच्या देखत चाललं होतं. ती आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी होती. रोगी ठरली तर तिचा संसार तिथल्या तिथं संपणार होता, आणि ते ठरवायला त्या खोलीत माझ्याखेरीज कोणी नव्हतं. मला याची जबाबदारी वाटायला हवी होती. त्याऐवजी माझी कॉलर ताठ झाली. "या आत," मी म्हटलं, "तुमच्या डोळ्यांदेखत दाखवते."

तेव्हा लघवीतली साखर बघायची रीत सोपी होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी टाकायची आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त. मी चिमट्यात नळी धरली आणि मास्तरणीच्या थाटात त्यांना हे सांगत राहिले. औषध उकळी धरू लागलं. आधी हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि बघता बघता तळापासून गच्च विटकरी झालं. त्या वेळी मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, काय सुरेख रंग आलाय.

"लई हाय?" हौसाबाईंनी विचारलं.

"भरपूर. चार अधिक. याच्यावर मोजत नाहीत."

हौसाबाई मटकन स्टुलावर बसल्या. शालन तेव्हा पहिल्यांदा बोलली. "कशानं आली आसंल वो?"

"ते डॉक्टर सांगतील. उद्या सकाळी उपाशीपोटी या, रक्त घेऊ. रक्तातली साखर बघावी लागते."

"रगत आनि कशाला?" हौसाबाई उठल्या. "डोळ्यानं बगितलं की."

त्या दोघी गेल्या. शालन दारातून वळून त्या नळीकडे बघत होती, एवढं मला आठवतं. नळी तशीच राहिली की डाग धरते, म्हणून मी लगेच ब्रश फिरवून ती धुऊन टाकली. लघवीची बाटली मात्र आळसानं फ्रिजमध्ये तशीच राहिली.

बुधवारी रक्ताला कोणी आलं नाही. डॉक्टर चौगुले दहाला आले, चहा घेतला आणि माझी वही उघडली. साळूमावशी फरशी पुसत होत्या. दवाखान्यात झाडलोटीला लागण्याआधी त्यांनी वीस वर्षं गावोगाव सुईणपण केलं होतं.

"वीस वर्षांची मुलगी आणि चार अधिक?" डॉक्टर म्हणाले. "खंगलेली दिसत होती?"

"तशी नाही. थकलेली होती."

"पोटुशी?"

"नाही."

"मूल आहे? अंगावर पीत असेल?"

"नाही म्हणाल्या, सर."

"रक्त?"

"आलेच नाहीत ते."

त्यांनी चष्मा काढला. "निकाल माझ्या टेबलावर आहे. मग त्यांना न येण्याएवढं कळलं कसं?"

डॉक्टर चौगुले चिडले की आवाज चढवायचे नाहीत, उलट खाली आणायचे. अशा वेळी जीव नकोसा व्हायचा.

"बस," ते म्हणाले. "मूत्रपिंड काय करतं, सांग."

"रक्त गाळतं."

"गाळतं म्हणजे? गाळताना आपल्या खाण्यातली साखर खाली जातच नाही, असं वाटतं तुला? सगळी जाते. दिवसाला वाटीवाटीनं जाते. मग पुढच्या नळ्या ती कणाकणानं वेचून पुन्हा रक्तात घेतात. एक दाणा टाकत नाहीत. मधुमेहात ती इतकी येते की वेचणाऱ्यांचे हात कमी पडतात, तेव्हा ती लघवीत उतरते. पण तुझं ते निळं औषध भोळं आहे. कुठलीही साखर दिसली की लाल होतं. ती कुठली साखर, हे ते सांगत नाही. ते आपण माणसाला विचारायचं असतं."

"विचारलं होतं मी," मी रडवेली झाले होते आणि कुठे तरी दोष ढकलायची घाई झाली होती. "मूल नाही म्हणाल्या. आणि ती काही आजाऱ्यासारखी नव्हतीच आली. चांगली मोगऱ्याचं अत्तर लावून आली होती."

साळूमावशींचा हात थांबला. "अत्तर?"

"वास येत होता."

"केसात गजरा हुता?"

"नाही."

"मग त्ये अत्तर न्हवं, बाय." त्या फडकं बादलीत टाकून उठल्या. "छातीला बांदली आसतील. दूध आटवाय बांदत्यात मोगऱ्याची फुलं. चोळीत भरायची आनि वरनं फडकं आवळायचं."

"पण मूल नाही म्हणाल्या," मी पुन्हा म्हटलं.

"बारशाच्या आदी गेलं आसंल. त्याला मोजत न्हाईत. नाव ठिवलेलं नसतं, मग मोजायचं तरी कुनाला? ती सासू खोटं न्हाई बोलली. आमच्यात आसंच सांगत्यात."

डॉक्टरांनी फ्रिजकडे बोट केलं. बाटली होती. त्यांनी स्वतः कपाटातून दुसरं औषध काढलं, ते फारसं कधी लागायचं नाही. लघवीत ते घालून नळी पाऊण तास उकळत्या पाण्यात धरून ठेवायची, सावकाश गार होऊ द्यायची आणि तळाचा थेंब मायक्रोस्कोपखाली बघायचा. साखरेचे खडे धरतात. खाण्यातल्या साखरेचे खडे वाळल्या गवताच्या पेंढीसारखे दिसतात, हे मी पुस्तकात पाहिलं होतं. मी डोळा लावला. पेंढ्या नव्हत्या. पिवळे, गोल, केसाळ गोळे होते, बाभळीच्या फुलांसारखे. सगळीकडे तेच.

"दुधाची साखर," डॉक्टर म्हणाले. "प्यायला कोणी नाही, म्हणून रक्तात मुरतेय. तिथं तिचं काही काम नाही. मूत्रपिंडाला तिची ओळखही नाही, ते सोडून देतं. तहानही दुधामुळेच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्या नागझरीला जा. बोललीस तू, तर निस्तरायलाही तूच जा."

गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी नागझरीला उतरले. मुळिकांचं घर विचारावं लागलं नाही. "साखर निगालेल्या सूनबाईचं का?" असं पारावरच्या माणसानंच मला उलट विचारलं. माझ्या त्या दोन शब्दांनी माझ्याआधी दोन दिवस गावात मुक्काम ठोकला होता.

ओट्यावर शालनचे सासरे, बापू, पान जुळवत बसले होते. सडपातळ माणूस, अंगात मळका सदरा आणि बोटांची टोकं हळदीसारखी पिवळी. तेजाबात हात घालून घालून गलाईवाल्यांची बोटं अशी होतात. दारापाशी एक पत्र्याची ट्रंक बांधून ठेवली होती. शालनचा भाऊ दुसऱ्या दिवशी तिला न्यायला येणार होता.

"बसा," ते म्हणाले. हौसाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. शालन आत कुठेतरी होती.

मी सगळं पाठ करून आले होते, पण त्या पिवळ्या बोटांकडे बघून पाठ केलेलं विसरले. "बापू, गलाईत तुम्ही नेमकं काय करता?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं, पण धंद्याबद्दल विचारलं की माणूस बोलतो. "सोनाराच्या दुकानातली केरधूळ इकत घ्यायची. भट्टीतली राख, फडकी, पायपुसनं सुदिक. जाळायचं, धुवायचं, तेजाबात घालायचं. सोनं धरायचं, बाकीचं वतून द्यायचं."

"आपल्या पोटात दोन मूत्रपिंडं असतात. तीही हेच करतात. सगळं रक्त त्यांच्यातून जातं. कामाचं तेवढं धरून ठेवतात, बाकीचं लघवीतून ओतून देतात. खाण्यातली साखर म्हणजे त्यांचं सोनं. ती ते जाऊ देत नाहीत."

"किती धरत्यात?"

"निरोगी माणसात सगळी."

"सगळी?" त्यांनी पान खाली ठेवलं. "आमची तर शंभराला येकदुन गुंज जातीच. म्हंजी आमच्यापरास कारागीर बरा म्हनायचा." मग ते गंभीर झाले. "मग सूनबाईची कशी गेली?"

"ती साखर वेगळी होती, बापू. दुधातली होती. तिच्या अंगावरच्या."

हौसाबाई दाराशी हलल्या. "त्ये नाव काडू नगा, बाई."

"काढावं लागेल, मावशी. माझी चूक झाली. ते औषध कुठल्याही साखरेनं लाल होतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही मूल नाही म्हणालात, आणि मी पुढे विचारलं नाही. शालनला रोग नाही. दूध येतंय, ते प्यायला कोणी नाही, म्हणून त्यातली साखर रक्तात जाते आणि तिथून लघवीत. मूत्रपिंड तिला धरत नाही."

"का धरत न्हाई?" बापूंनी विचारलं.

"त्या अंगाला तिचा उपयोग नसतो. ती दुसऱ्यासाठी केलेली असते."

बापूंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "ज्याच्यासाठी केल्ती, त्ये ऱ्हायलं न्हाई," ते म्हणाले. "म्हून वतून दिली."

हौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग रागानंच म्हणाल्या, "आनि मुंग्या? मोरीत मुंग्या कशानं आल्या मग?"

"मी पिळत हुते." आवाज आतून आला. शालन उंबऱ्याच्या आत उभी होती, परवासारखाच पदर आवळून. "छाती दगडावानी व्हायची. दुखायचं लई. म्हून मोरीत पिळायची."

"मग बोलायला काय झाल्तं तुला?"

"तुमीच म्हनला, त्या गोष्टीचं नाव काडायचं न्हाई."

हौसाबाई खाली बसल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. बाळंतपणाला माहेरी गेलेली शालन रिकाम्या पाळण्याकडे बघत बसते म्हणून त्याच तिला लवकर घेऊन आल्या होत्या. नाव काढलं नाही की दुःख लवकर आटतं अशी त्यांची समजूत होती, आणि मोगऱ्याची फुलं रोज सकाळी त्या स्वतःच्या हातानं वेचून आणत होत्या.

"मला पटतंय तुमचं," बापू शेवटी म्हणाले. "पर बाई, गावात झालंय आता. विलासला तार गेलीया. माज्या भावानं तर त्याच्यासाठी दुसरीकडं शब्दबी टाकलाय. नुसत्या सांगन्यानं त्ये माघारी येनार न्हाई. लाल दावलंसा तसं मला निळं दावा. म्होरला सोडून त्याच्या म्होरल्या मंगळवारी मी गाडीला बसनार. त्याच्या आदी निळं दिसलं, तर सूनबाई माज्यासंगं येनार. त्यावर कुनाचं आयकत न्हाई मी."

"रक्तात काही निघणार नाही, ते आधी बघा."

"रगत बगा. पर गावाला त्यो रंगच सांगाय लागनार."

ट्रंक सोडली नाही, पण भावाला येऊ नको असा निरोप गेला.

शुक्रवारी दोघी आल्या, शालन उपाशीपोटी. रक्तातली साखर अगदी जेवढी हवी तेवढी निघाली. डॉक्टरांनी तसं सही करून दिलं आणि हौसाबाईंनी तो कागद घडी करून कमरेला खोवला. लघवी मात्र नारिंगी आली. त्यानंतरच्या मंगळवारी पिवळी. उरले होते सहा दिवस, आणि रंग काही हवा तेवढा उतरत नव्हता.

हौसाबाई बाजारातून बांगड्या आणायला गेल्या तेव्हा मी शालनला बाजूला घेतलं. "अजून पिळतेस?"

तिनं मान खाली घातली.

"पिळू नको. जितकं काढशील तितकं येत राहतं. फुलं घट्ट बांध, पाणी थोडं कमी पी. सोमवारपर्यंत निळं व्हायला पाहिजे, माहीत आहे ना?"

"हाय म्हाईत." ती नळीतल्या पिवळ्याकडे बघत होती. "निळं झालं म्हंजी सपलं?"

"संपलं. मग तू मोकळी."

"पाटंचं जाग आली की सगळं भिजल्यालं आसतंय," ती म्हणाली. "मला वाटतं, तिलाच भूक लागलीया कुटंतरी."

मी तिला म्हटलं, "फुलं घट्ट बांध हं," आणि नळी धुवायला घेतली.

सोमवारी त्या पहिल्या गाडीनं आल्या. हौसाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. शालनच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. डॉक्टर शेजारी येऊन उभे राहिले, साळूमावशीही हात पुसत आल्या. मी निळं औषध घेतलं, थेंब मोजून टाकले आणि नळी दिव्यावर धरली. हिरवी छटा जरी आली तरी दुसऱ्या दिवशी बापू एकटेच जाणार होते.

औषधाला उकळी आली. निळं होतं. मी आणखी धरून ठेवलं, मनात शंभर आकडे मोजले. निळंच राहिलं. खिडकीशी नेऊन उजेडात बघितलं. पाऊस होऊन गेल्यावरच्या आभाळासारखं स्वच्छ निळं.

"झालं," मी म्हटलं. आनंदानं माझा आवाज चढला होता. "निळंच आहे. बघ शालन, काही म्हणजे काही उरलेलं नाही."

हौसाबाईंनी त्या नळीला हात जोडले. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या खोलीत गेले.

"काईच न्हाई?" शालननं विचारलं.

"काहीच नाही."

तिनं नळी माझ्या हातातून चिमट्यासकट घेतली आणि उजेडात धरून आतून बाहेरून बघितली. वाटीच्या तळाशी काही राहिलंय का बघावं तशी. मग म्हणाली, "आनि ती पयली? लाल झालेली?"

"ती त्याच दिवशी धुतली गं."

"ठिवली न्हाई?"

"नळ्या ठेवत नसतात."

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. आणि तशीच उभी राहून रडू लागली. आवाज नव्हता, नुसतं पाणी गालांवरून खाली येत होतं. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी आनंदानं सांगितलेली गोष्ट तिला कशी लागली, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. रोग नाही, संसार वाचला, हे सगळं खरं होतं. पण त्या गेलेल्या पोरीचं या जगात काही उरलं होतं तर ते माझ्या नळीतला रंग होता, आणि तो उतरावा म्हणून गेले बारा दिवस आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो.

हौसाबाई आधी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आगं, आता कशापायी रडतीस? उंद्या जायाचं न्हवं?" असं म्हणत त्या तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला काही तरी करायला हवं होतं म्हणून मी बापूंसाठी निकालाचा कागद लिहायला बसले. समोर पहिल्या दिवसाचा फॉर्म होता. शालन सातवीपर्यंत शिकलेली. डोळे पुसता पुसता तिची नजर त्या कागदावर गेली. तिनं बोट टेकवलं. बोट एका रकान्यावर होतं.

"काय लिवलंय थितं?" हौसाबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

मी पेन खाली ठेवलं. साळूमावशीच म्हणाल्या, "मूलबाळ न्हाई म्हून लिवलंय. तुमीच सांगितल्यालं."

हौसाबाईंनी लुगड्याचा पदर सारखा केला, पुन्हा केला. मग त्या म्हणाल्या, "खोडा त्ये."

मी 'नाही' खोडलं.

"मुलगी हुती म्हनून लिवा. अकरा दिसाची. नाक माज्यावानी हुतं."

मी लिहिलं. शालन अक्षर अक्षर बघत होती. लिहून झाल्यावर तिनं ते एकदा ओठांत वाचलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि पदरानं तोंड पुसलं. तिच्या पदराला आता कुठलाच वास येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती बापूंबरोबर सेलमला गेली. पुढे तिला दोन मुलगे झाले, असं खूप वर्षांनी हौसाबाईंकडूनच कळलं. त्याही आता नाहीत.

त्या सोमवारी दोघी गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. मग कामाला लागले. बाकीची सगळी भांडी धुतली, पण ती निळी नळी संध्याकाळपर्यंत तशीच स्टँडवर ठेवली. तिला डाग धरायची भीती नव्हती. तिच्यात काहीच नव्हतं.